कुलूपवाल्यांचा दवाखाना

“सही कुठं करायची, ते आधी सांगा,” वेल्डर दारातूनच म्हणाला.

“कुठंच नाही. तपासणी फुकट, चष्माही फुकट.”

“तेच तर! तुमच्याकडे आणि फुकट?”

कुलूपवाले काका खुर्चीत सावरून बसले. उभं आयुष्य त्यांनी छोट्या दुकानदारांना भांडवल पुरवलं होतं. हप्ते थकले की स्वतः जाऊन शटरला कुलूप ठोकायचे, म्हणून हे नाव पडलं. वेल्डरच्या शटरलाही एकदा ठोकलं होतं. काकांच्या बायकोला दिसेनासं होऊ लागलं, तेव्हा वसुलीच्या धावपळीत ते ‘उद्या दाखवू’ म्हणत राहिले. ती आंधळी झाली आणि तशीच वारली. मग धंदा गुंडाळून त्यांनी हा डोळ्यांचा दवाखाना काढला. पण इकडे कुणी फिरकेना. म्हातारा निवडणुकीला उभा राहणार, नाहीतर कुणाची तरी जागा लाटणार, अशी कुजबुज होती. “मी इथे माश्या मारत बसणार नाही,” असं डॉक्टरीणबाईंनी कालच बजावलं होतं.

वेल्डरचे डोळे लालबुंद झाले होते, सारखं पाणी गळत होतं. तरी तो उंबरठा ओलांडेना.

“आधी तुम्ही तपासून घ्या,” तो म्हणाला. “मी बघतो.”

काका मुकाट्याने आत जाऊन बसले. बाईंनी डोळ्यांत थेंब टाकले.

“दोन-तीन तास धूसर दिसेल, काका. एकटे जाऊ नका. सोबत कोण आहे?”

सोबत कुणीच नव्हतं. मुलाने बोलणं टाकून वर्षं झाली होती.

“नाक्यापर्यंत मी सोडतो,” वेल्डर घसा खाकरून म्हणाला. “पडलात तर लोक म्हणतील, मीच ढकललं. आणि उद्या तुमचे डोळे जागेवर असले, तर माझे दाखवीन.”

रस्त्यावर सगळं पांढरं, विरघळल्यासारखं दिसत होतं. याला नक्की काय हवं असेल? काकांचं जुनं मन चाळवलं. तेवढ्यात वेल्डर डावीकडे वळला.

काका जागच्या जागी थांबले. “हा माझा रस्ता नाही.”

“तिकडे खोदून ठेवलंय.”

खोदकामाचा आवाज येतो का, म्हणून काकांनी कान देऊन ऐकलं. काहीच ऐकू आलं नाही. वेल्डर शेजारी उभाच होता, घाई करत नव्हता.

काकांनी हात पुढे करून चाचपडत त्याचं कोपर धरलं आणि ते डावीकडे चालू लागले.