रोल नंबर सतराची हजेरी

मी हजेरीपट बोलतोय. बी.ए. द्वितीय वर्ष, विषय भूगोल. माझ्या पुठ्ठ्यावर एवढंच लिहिलेलं आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या कपाटात सध्या माझा मुक्काम आहे. कॉलेजचं नाव मात्र विचारू नका. ज्या घरात दिवस काढले, त्याची बदनामी आपल्या तोंडानं कशाला?

गोंदियाच्या छापखान्यात माझी पानं आखली गेली, लाल कापडाची पाठ चिकटवली गेली. गठ्ठा बांधणारा कारागीर म्हणाला होता, "ये कॉलेज का माल है, संभालके." मला वाटलं, कॉलेज म्हणजे फार गंभीर जागा असणार. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरच्या एकानं आवाज बदलून दोन मित्रांची हजेरी दिली आणि माझा गैरसमज दूर झाला.

माझी जबाबदारी मंजू टेंभरे मॅडमकडे होती. त्या सौंदडहून यायच्या. नोकरी तासिका तत्त्वावरची, म्हणजे जूनमध्ये बोलावतील तेव्हा यायचं, वर्ष संपलं की घरी बसायचं. पण हजेरी घ्यावी तर त्यांनीच. नाव पुकारलं की मान वर करून त्या चेहरा बघत, मगच निळ्या पेनानं 'P' काढत. जो नसेल त्याच्या चौकोनात एक छोटं टिंब.

रोल नंबर सतरा होती आचल दुधराम बोपचे. इटियाडोह धरणाच्या कालव्यालगत तिचे आईवडील ठेक्याच्या जमिनीत धान लावायचे. आचल कबड्डी खेळायची आणि अशी खेळायची, की ती चढाईला निघाली की ऑफिसातले बाबूसुद्धा खिडकीशी येत. वर्गातही ती गप्प बसणारी नव्हती. एकदा भिंतीवरच्या नकाशापाशी जाऊन तिनं विचारलं होतं, "मॅडम, एवढा मोठा आमचा इटियाडोह, तो इथं काऊन दिसत नाही?" वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जिल्ह्याचा नकाशा आणला.

पण सप्टेंबर लागला, स्पर्धा जवळ आल्या, आणि सतरा नंबरच्या ओळीत टिंबं वाढू लागली. क्रीडा विभागाचे हेमेंद्र सर मुलींना दिवसदिवस मैदानावर ठेवत. हा माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगतो. सहा वर्षांपूर्वी अनवाणी खेळणाऱ्या मुली गोळा करून त्यानं संघ उभा केला होता. "अभ्यासाचं टेन्शन घेऊ नका, ते माझ्यावर सोडा," असं ते म्हणायचे. आचलला वाटलं, सर रविवारी जादा तास लावतील.

जादा तास लागले नाहीत. परीक्षेला बसायचं तर पंचाहत्तर टक्के हजेरी हवी, आणि हजेरी नसेल तर विद्यापीठाच्या स्पर्धेतही नाव जात नाही. ऑक्टोबरमधल्या एका दुपारी स्टाफरूम रिकामी असताना हेमेंद्र सरांनी मला ड्रॉवरमधून काढलं. हातात काळं बॉलपेन होतं. टिंबाला काठी दिली, काठीला पोट काढलं, झाला 'P'. सतरा नंबरच्या ओळीत असे सव्वीस, इतर चार खेळाडूंच्या ओळीत आणखी. ते इतकं दाबून लिहीत होते, की मागच्या पानावर वळ उठले. मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला उघडलं आणि नाव पुकारायचंच विसरल्या. निळ्यात काळं लपत नाही. त्यांनी त्या दिवशी हजेरी घेतली नाही, तास तसाच शिकवला आणि शेवटी आचलला थांबवून घेतलं. चाचणीच्या गठ्ठ्यातला एक पेपर त्यांनी माझ्या शेजारी ठेवला.

"सात तारखेच्या चाचणीला तू होतीस?"

"नाही जी. त्या दिवशी आमची भंडाऱ्याले मॅच होती."

"मग हा कोणाचा? तुझं नाव आहे. वीसपैकी अठरा."

आचलनं पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग नावावर बोट ठेवलं. "हे माह्यं अक्षर नोहे, मॅडम. इथं 'आंचल' लिवलं आहे. मी माह्या नावावर टिंब देत नाही."

मॅडमनी मला तिच्यापुढे सरकवलं. तिनं आपल्या ओळीतले काळे 'P' बोटानं मोजले. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"हे बघ," मॅडम म्हणाल्या, "वर कळवलं तर तुझी स्पर्धा जाईल, कदाचित सेमिस्टरही. माझी नेमणूक पुढच्या वर्षी राहील की नाही, देव जाणे. नाही कळवलं तर कोणाला काहीच होणार नाही. मी तुला खोटं सांगत नाही, मलाही भीती वाटते."

"कोणालेच कसं नाही?" आचल म्हणाली. "मले तं होऊन राहिलं ना."

तिथंच बसून तिनं प्राचार्यांच्या आणि विद्यापीठाच्या नावानं अर्ज लिहिला. तीनदा फाडला, चौथ्यांदा जमला. माझी हजेरी वाढवली आहे, माझा पेपर दुसऱ्यानं लिहिला आहे, तो माझा धरू नये. एवढाच मजकूर. खाली तिची सही, तिच्याखाली मॅडमची. मॅडमनी मोबाइलवर माझ्या एकेक पानाचा फोटो काढला; दोन अस्पष्ट आले, ते पुन्हा काढले.

पुढे जे झालं ते प्राचार्यांच्या टेबलावर. मी मधोमध, आजूबाजूला माणसं. हेमेंद्र सर आत आले ते तापूनच.

"मॅडम, ये क्या कर दिया आपने? आठ दिवसांवर स्पर्धा आहे! पोरींची जिंदगी बनून राहिली होती." मग आवाज खाली आणून म्हणाले, "नवीन रजिस्टर करा. याच्यावर पाणी सांडलं म्हणा. कोण विचारते?"

पाण्याचा जग माझ्यापासून वीतभर होता. कागदाच्या जातीला पाण्याची भीती काय असते, ते तुम्हाला कळणार नाही. तेवढ्यात मंजू मॅडमनी मला उचललं आणि छातीशी धरलं.

"रजिस्टर माझ्या ताब्यात आहे, सर. विद्यापीठ मागेल, तेव्हा विद्यापीठाला देईन."

मग आचलच्या आईवडिलांना बोलावणं गेलं. कापणीचे दिवस होते. दुधराम आणि सुमित्राबाई शेताच्या बांधीतून तसेच आले, कपड्यांना धानाची कुसळं चिकटलेली. खुर्च्या दिल्या तरी टोकावर बसले. प्राचार्यांनी गोडीत समजावलं: पोरगी गुणी आहे, खेळाडू कोट्यातून पोलिसात लागेल, एका कागदापायी नुकसान कशाला? अर्ज मागे घ्यायला सांगा.

दुधराम पोरीकडे वळले. "बाई, तू यात खोटं लिवलं का?"

"नाही, बाबा."

"मंग वापस कायले घ्याचा?"

हेमेंद्र सर समजवायला पुढे आले, तशी सुमित्राबाई उभी राहिली. तिनं आधी त्यांना हात जोडले. "सर, तुमी माह्या पोरीले खेळणं शिकवलं. तुमचे उपकार जलमभर फिटाचे नाही. पण तिचा पेपर दुसऱ्यानंच लिवला, तं उद्या पोलिसाच्या नोकरीवर कोण जाईन? माही पोरगी, का तो पेपर लिवणारा?"

हेमेंद्र सर हळूच खुर्चीत बसले. नंतर विद्यापीठाची समिती आली तेव्हा त्यांनी काही लपवलं नाही; पेपरही आपणच दुसऱ्याकडून लिहून घेऊन गठ्ठ्यात घातला, हे कबूल केलं. "आचलला यातलं काहीही माहीत नव्हतं," हे वाक्य त्यांनी स्वतःच्या जबाबात स्वतःच लिहिलं.

समितीनं भिंग लावून माझी पानं तपासली. कुठले 'P' खोटे, ते आचलनं स्वतः दाखवलं. सव्वीसच्या सव्वीस. एकही कमी दाखवला नाही. समितीनं ते सगळे लाल पेनानं खोडले.

किंमत मोजावीच लागली. संघ त्या वर्षी स्पर्धेला गेला नाही. हेमेंद्र सरांकडून संघ काढून घेतला. मैत्रिणींनी आचलशी बोलणं टाकलं. ज्या मुलीला पडल्यावर तिनं कितीदा उचललं होतं, तीही रस्ता ओलांडून जायची. आचल परीक्षेला बसू शकली नाही. मंजू मॅडमना जूनमध्ये बोलावणं आलं नाही. आता त्या चिचगडकडच्या एका शाळेत शिकवतात. त्यांच्या जागी आलेल्या बाई चांगल्या असतीलही. मला त्यांचं अक्षर ठाऊक नाही.

चौकशी झाल्यावर मी लाखेचं सील लागून परत आलो. बाहेरच्या बातम्या बिसराम शिपायाकडून कळतात. कपाट झाडता झाडता तो स्वतःशीच बोलतो. त्याच्याच तोंडून ऐकलं, की आता संघाचा सराव सकाळी सहाला होतो आणि तासाच्या वेळी मैदान रिकामं असतं. आचलनं सगळं सेमिस्टर पुन्हा केलं, चोपन्न टक्के मिळवले. संघात परत आली, तेव्हा सगळ्यात आधी तीच रस्ता ओलांडणारी मुलगी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. विद्यापीठाच्या स्पर्धेत मुली दोन गुणांनी हरल्या. "हारली तं हारली," बिसराम म्हणाला, "पण पोरगी कोणापुढं मान खाली घालून नाही चालत." सध्या ती पोलीस भरतीसाठी कालव्याच्या बांधावरून धावते म्हणे.

माझं म्हणाल, तर ठरलेली वर्षं सरली की मला रद्दीत काढतील. त्याचं दुःख नाही, आमच्या जातीचं सोनं तिथंच होतं. फक्त एक मागणं आहे. कधी बाजारात मुरमुऱ्याचा पुडा उलगडलात आणि त्या कागदावर आचल दुधराम बोपचे हे नाव दिसलं, तर लगेच चुरगाळू नका. त्या ओळीतली हजेरी फार कमी दिसेल. ती तिची स्वतःची आहे. ती परत मिळवायला ही पोरगी भल्याभल्यांशी भांडली आहे.