हात दाबला की श्वास

"मले नाही जाच त्या बोगद्यात," खुशी म्हणाली आणि एमआरआयच्या टेबलावर पोट धरून कुशीला वळली.

पहिल्या खेपेच्या सगळ्या प्रतिमा हलल्या होत्या. काटोलहून आणलेली ही आठ वर्षांची पोर तापानं फणफणत होती. पोटात पू झालाय, याची सर्जनना जवळजवळ खात्री होती. पण वायूमुळे सोनोग्राफीत काही धड दिसलं नव्हतं. पू नेमका कुठे आहे हे एमआरआय सांगू शकणार होतं, पोर निश्चल पडली तरच. भूल द्यावी तर उलट्या थांबत नव्हत्या, आणि भूलतज्ज्ञ दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकले होते.

"मी आत थांबते तिच्याजवळ," एमआरआय विभागातल्या आया प्रेमलताताई म्हणाल्या.

प्रतिमा तपासणाऱ्या डॉक्टर हर्षांनी मान वर केली. "ताई, श्वास धरावा लागेल तिला. तुमचा दमा..."

"श्वास तिले धराचा आहे. मी फक्त सांगीन."

कोरोनानंतर ताईंना महाल वस्तीतल्या घराचा जिनासुद्धा एका दमात चढवत नसे. त्यांनी खिशातला दम्याचा पंप काढून तंत्रज्ञ अमोलच्या हातात दिला. चुंबकाच्या खोलीत धातूचं काही नेता येत नाही. अमोल काचेपलीकडे यंत्र चालवायला बसला.

खुशीचे वडील जितेंद्र लेकीचे पाय धरून रडत होते.

"भाऊ, तुमाले पाहून तिले अजून भेव लागते," ताई हळू म्हणाल्या. "बाहेर बसा. मी हाओ ना इथं."

ते गेले. ताईंनी खुशीचा घामेजला हात हातात घेतला.

"दुखीन का?" खुशीनं विचारलं.

"मशीननं नाही दुखत. तुह्यं पोट दुखून राहिलं, ते मात्र दुखनच. आन् आवाज लय मोठा येईन. आधी ठोकल्यावानी, मंग टर्रर्र. तुले खोटं कायले सांगू?"

खुशीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. इतक्या दिवसांत तिला प्रत्येकानं 'काही नाही होत' एवढंच सांगितलं होतं.

"आवाजात माह्यं बोलणं ऐकू नाही येणार," ताई म्हणाल्या. "म्हणून मी हात दाबीन. दाबला की श्वास थांबवाचा. सोडला की घ्याचा. मीबी तुह्यासंगं थांबवीन. जमन?"

"तुमी आधी सोडला तं?"

"नाही सोडत वं."

दोघींच्या कानांवर जाड आवरणं चढली. टेबल आत सरकलं, पाय आधी, त्यामुळे खुशीचं डोकं बोगद्याच्या तोंडाशीच राहिलं. वर पाहिलं की तिला ताईंचा कापडी मास्क लावलेला उलटा चेहरा दिसत होता. यंत्र ठोकू लागलं. ताईंनी मास्कआड गाल फुगवून श्वास धरला, हात दाबला. खुशीनंही धरला.

पुन्हा. आणि पुन्हा. तिसऱ्या वेळी ताईंच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणी आलं. खुशी टक लावून बघत होती, आणि ती बघतेय म्हणूनच ताईंना श्वास सोडता येत नव्हता. यंत्र थांबलं तेव्हा त्यांनी आधी हात सैल केला, मग श्वास घेतला.

"मिळालं," स्पीकरवर डॉक्टर हर्षांचा आवाज आला. "अपेंडिक्स फुटलंय. पू खाली मूत्राशयामागे साचलाय, आणि यकृताखालीही एक कप्पा आहे. हा वरचा तर आपल्या ध्यानीमनीही नव्हता."

ताई बाहेर आल्या त्या भिंत धरूनच. अमोलनं पंप पुढे केला. दोन फवारे घेऊन त्या स्टुलावर बसल्या. तेवढ्यात खुशीला ऑपरेशनसाठी वर नेलंही. संध्याकाळी निरोप आला, दोन्ही ठिकाणचा पू निघाला, मुलगी शुद्धीवर आहे. ताईंनी डबा धुतला आणि घरी गेल्या.

पुढच्या आठवड्यात जितेंद्र आणि खुशी तळमजल्यावर दिसले, घरी निघालेले. खुशीच्या अंगात पिवळा फ्रॉक होता. त्या दिवशी ताईंच्या तोंडावर मास्क नव्हता. त्या तिच्याकडे पाहून हसल्या. खुशीनं ओळखलं नाही.

"बाई, काटोलची बस कुठून भेटन?" जितेंद्रनं त्यांनाच विचारलं.

"गेटातून बाहेर निघा. ऑटोवाल्याले बसस्टँड सांगा," ताई म्हणाल्या. "पोरीले जोरात चालवू नका."

"नाही ऐकत ना पोरगी," जितेंद्र म्हणाले.

खुशी केव्हाच दाराशी पोचली होती. बाहेरच्या उन्हात उभी राहून ती बापाला हाका मारत होती, भरल्या छातीनं, एकामागून एक.