उलटी प्रदक्षिणा

जठारपेठेतल्या मारुतीला नवस बोलायला बायका पुढे आणि फेडायला मागे. कुणाचे गुडघे दुखत, कुणाचं दूध नेमकं तेव्हाच उतू जाई. मग त्या प्रदक्षिणा पुजारी कमलाकांतांच्या रमेच्या गळ्यात पडत. पुजाऱ्याच्या घरच्या कुणी घातल्या तरी देवाला पोचतात, अशी सगळ्यांनी सोयीची समजूत करून घेतली होती. चालत घातल्या तर शाळा बुडे, म्हणून रमा धावे. शेजारच्या सुंदराबाईंच्या झाडून साऱ्या नातवंडांचे नवस तिच्याच पायांनी फिटले.

एकसष्ट साली शाळेत निवडीची शर्यत झाली. शिट्टी वाजताच बाकीच्या मुली मैदान डाव्या हाताला ठेवून धावल्या आणि रमा उजव्या. देव उजव्या हाताला ठेवून धावायचं, एवढंच तिला ठाऊक. पलीकडे ती सगळ्यांना समोरून भेटली, तेव्हा मैदानभर हशा पिकला. खेळाच्या सत्यभामाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. मुली भेटल्या तिथवर रमेनं अर्ध्याहून बरंच जास्त मैदान मागे टाकलं होतं, हे त्यांनी बरोबर हेरलं. सिलोनच्या कुमार गटातल्या मुली अमरावतीला आपल्या मुलींशी स्पर्धेला येणार होत्या. आठशे मीटरसाठी बाईंनी रमेचं नाव धाडलं. याहून लांब धावल्यास मुलींचं काहीतरी बिघडतं, असं तेव्हा भल्याभल्या शहाण्यांना वाटे!

कमलाकांत ऐकूनच उखडले. "डावीकून फिरायचं म्हंजे उलटी प्रदक्षिणा! पुजाऱ्याच्या पोरीनं?"

"मैदानाच्या मधात देव नाही, गुरुजी," बाई म्हणाल्या.

"तुमाले कोनं सांगतलं?"

रमेनं दोन दिवस अबोला धरला. शेवटी बाप नमला. "जाय. पन हे एकच शर्यत. मंग बंद."

रमेनं मान डोलावली. जिंकून आलेल्या मुलीला घरात कोण कोंडतंय, हा तिचा मनातला हिशेब होता. म्हणून तिला जिंकायचंच होतं.

अमरावतीला कमलाकांत स्वतः आले, खात्री करायला. कपाळावर गंध, खांद्यावर उपरणं. उद्घाटनाचा नारळ फोडायला आलेले गुरुजी समजून स्वयंसेवकांनी त्यांना थेट आत सोडलं. त्यांनी मधलं सगळं गवत पालथं घातलं, एक दगड उलथूनही पाहिला. देव निघाला नाही. मग ते निवांत तिथेच बसले.

बंदूक वाजली. पहिल्या फेरीत सिलोनची एक उंच मुलगी पुढे गेली आणि रमा तिच्या मागे चिकटली. दुसऱ्या फेरीत वळणावर रमेचा पाय अडखळला, अंतर वाढलं. आता संपलं, असं तिला वाटलं आणि रडूच आलं.

तेवढ्यात डाव्या बाजूनं ओरडा ऐकू आला. धोतराचा काचा मारून कमलाकांत गवतातून तिच्या बरोबरीनं धावत होते, तेही उलट्या प्रदक्षिणेनंच! "धाव रमे! पाप लागलं त मले लागीन! धाव!"

रमा धावली. उंच मुलीला शेवटच्या दोरीपाशी तिनं गाठलं आणि छातीभर पुढे निघाली. लोकांनी टोप्या उडवल्या.

पंचांनी मात्र तिचं नाव बाद केलं. शर्यतीत बाहेरच्या माणसानं सोबत धावायचं नसतं, असा नियम होता.

"मी धावलो, त मले बाद करा ना! पोरीले कावून?" कमलाकांत हात जोडून पंचांच्या मागे मागे फिरले. पंच बधले नाहीत. रमा गवतावर मांडी घालून बसली होती. बापाचा तिला असा संताप आला होता की त्याच्याकडे बघवेना. एकच शर्यत होती, तीही त्यानंच घालवली.

कमलाकांत दमून तिच्याशेजारी येऊन बसले. त्यांची धाप अजून ओसरली नव्हती. जवळच उभ्या असलेल्या सत्यभामाबाईंना ते म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी मले खांबाले बांधून ठेवजा."

रमेनं झटकन मान वर केली. "पुढच्या वर्षी?"

"मंग काय," उपरण्यानं तिचं तोंड पुसत ते म्हणाले, "त्या उंच पोरीले असंच सोडाचं काय?"