अर्धा किलो म्हणजे तीन महिने

कुर्र.

दुपारी घर अगदी गप्प होतं आणि तेवढाच आवाज झाला. तो माझ्या स्प्रिंगचा होता. सात आठवडे माझ्या आकड्याला लटकलेली निळी बॅग आजींनी खाली उतरवली, आणि माझ्या अंगातला ताण एकदम सुटला.

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. दुकानात दोन पारड्यांचा असतो तसला नव्हे, टांगता. वर कडी, मध्ये गोल तबकडी, खाली आकडा. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात माझ्या एका धाकट्या भावाचं चित्र असतं आणि त्याखाली 'तानकाटा' असं लिहिलेलं असतं. माझा चेहरा त्याच्यापेक्षा मोठा, पण पोटात दोघांच्या एकच गोष्ट असते, पोलादी तारेची स्प्रिंग.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. कारागिराने मला भिंतीवर टांगलं आणि एकेक करून वजनं लावली. काटा थांबेल तिथे तो तबकडीवर रेघ ओढायचा. किलोला मोठी रेघ, पाव किलोला लहान. पंचवीस किलोपर्यंत पोचल्यावर त्याने सगळी वजनं काढली आणि नुसता बघत उभा राहिला. माझा काटा थरथरत शून्यावर आला.

"वजन काय, कुणीही उचलतो," तो शेजारच्याला म्हणाला. "ओझं उतरल्यावर शून्यावर येतो तो काटा खरा."

ते शब्द मी गाठीशी बांधले. पुढे एकदा मला ते जमलं नाही. तेच तर तुम्हाला सांगायचं आहे.

कारखान्यातून मी एका दवाखान्यात गेलो. आजी तेव्हा आजी नव्हत्या, तिथल्या तरुण नर्स होत्या. मला पिशवीत घालून त्या घरोघरी जायच्या, दाराच्या चौकटीला अडकवायच्या आणि कापडाच्या झोळीत बाळ ठेवून माझ्या आकड्याला लावायच्या. मित्रांनो, मी किती बाळं तोलली ते मलाही ठाऊक नाही. कुणी रडायचं, कुणी झोपायचं, एकाने तर थेट माझ्या तबकडीपर्यंत धार मारली होती. बाळ पाव किलोने वाढलेलं दिसलं की त्याची आई माझ्याकडे असं बघायची, जणू ते मीच वाढवलं होतं.

काही आया घायकुतीला यायच्या. "उद्या पण याल ना वजन करायला?" असं विचारायच्या. आजींचं उत्तर ठरलेलं असायचं. "रोज काट्यावर ठेवलं तर बाळ वाढत नाही, आई मात्र झुरते. पुढच्या आठवड्यात येते. तोवर त्याला पाजा, आणि तुम्हीही चार घास खा."

मग बॅटरीवर चालणारं, आकडे उजळणारं यंत्र आलं आणि मी कपाटात गेलो. निवृत्तीच्या दिवशी आजींना शाल मिळाली, घड्याळ मिळालं. "आणि तो काटा टाकणार असाल तर मला द्या," त्या म्हणाल्या. अशी माझी स्वारी या घरी आली.

इथे आजींचा मुलगा, सून आणि नात राहतात. मुलगा म्हणजे बाबा, छापखान्यात कागद कापतात. सून म्हणजे आई, इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करते. नातीला सगळे टिकली म्हणतात, कारण जन्मली तेव्हा ती तेवढीशीच होती.

टिकलीचे पहिले अकरा दिवस इस्पितळातल्या काचेच्या उबदार पेटीत गेले. कमी दिवसांच्या बाळांना त्या पेट्या ऊब देतात. चौथ्या दिवशी ती पेटी बंद पडली. दुसरी मिळेपर्यंत आईने बाळाला छातीशी धरून ठेवलं. इस्पितळातलं जवळजवळ प्रत्येक यंत्र आई उघडायची, पण ही पेटी उघडायची तिला परवानगी नव्हती. ज्या कंपनीने ती बनवली तिचं शिक्षण घेतलेला माणूसच ती उघडू शकत होता, आणि तो माणूस बाहेरगावाहून एकोणीस दिवसांनी आला. हे सगळं आजींनी मला हातात धरून शेजारणीला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

घरी आल्यावर टिकलीला मी दर आठवड्याला तोललं. पण ती धावायला लागली आणि माझी गरज संपली. मग मी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्यावर, गळ्यात चिमट्यांची पिशवी. डझनावारी बाळं तोललेल्या माणसावर (मी स्वतःला माणूसच समजतो, हसू नका) अशीही वेळ येते.

टिकली साडेचार वर्षांची झाली आणि आईला पत्र आलं. त्याच कंपनीने तिला तीन महिन्यांच्या शिक्षणासाठी परदेशी बोलावलं होतं. ते पूर्ण केलं की त्या काचेच्या पेट्या तिला स्वतःला दुरुस्त करता येणार होत्या. इस्पितळात अशा पाच होत्या, त्यांतल्या दोन तेव्हाही बंद होत्या.

बॅगेला तेवीस किलोंची मर्यादा होती, म्हणून बाबांनी मला खिळ्यावरून काढलं, पुसलं आणि पाळण्यासाठी बसवलेल्या छताच्या कडीला टांगलं. बॅग भरायच्या आधी टिकलीने हट्ट धरला, "आधी माझं वजन." आजींनी झोळी काढली. पंधरा किलो, बरोब्बर मोठ्या रेघेवर.

"तीन महिने म्हणजे किती?" झोळीत पाय हलवत टिकलीने विचारलं.

आजींनी विचार केला. लहान मुलांना दिवस मोजता येत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी माझ्या तबकडीवर बोट ठेवलं. "तू इथे आहेस. या दोन बारीक रेघा पुढे गेलीस, म्हणजे अर्धा किलो वाढलीस, की आई आलीच म्हणून समज."

मग बॅग आली. जाडा कोट, बूट, वह्या, टिकलीचा एक मोजा ("मला दुसरा आहे," ती म्हणाली). काटा साडेबावीसवर थांबला आणि आई हसली.

व्हिसासाठी आईचा पासपोर्ट कचेरीत गेला होता. पंधरा दिवसांत होईल, असं तिथे सांगितलं होतं. पंधराचे वीस झाले, विसाचे तीस. फोनवर रोज एकच ओळ दिसायची, 'प्रक्रियेत आहे.'

"प्रक्रियेत म्हणजे नक्की काय?" आई विचारायची.

"म्हणजे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरायला गेलाय," बाबा सांगायचे. "वाटेत चहाला थांबला असेल."

"तू थट्टा कर. वर्ग सुरू झाला तर माझी जागा दुसऱ्याला देतील. पुढचा वर्ग वर्षाने आहे."

आई दर तासाला फोन बघायला लागली. भाजी चिरताना बघायची, टिकलीची वेणी घालताना बघायची. एकदा तर एक वेणी घालून झाली आणि दुसरी राहूनच गेली. टिकली तशीच शाळेत जाऊन आली. त्या दिवशी आजींनी हात पुढे केला.

"दे तो फोन."

"अहो, काही आलं तर?"

"आलं तर घंटी वाजेल, मी बहिरी नाही. बघायचं असेल तर सोमवारी आणि गुरुवारी, चहाच्या वेळेला. रोज काट्यावर ठेवून कुणी वाढत नाही."

आईला हसूही आलं आणि डोळेही भरले. पण तिने ऐकलं. ती नुसती बसून राहिली असंही नाही. कंपनीला तिने उशीर आधीच कळवला आणि तीन आठवड्यांची मुदत मागून घेतली. कचेरीने नव्या तारखेचं पत्र मागितलं, ते त्याच दिवशी पाठवलं. तिकडची थंडी सरत चालली होती, म्हणून टांगलेल्या बॅगेची चेन वीतभर उघडून जाडा कोट काढला आणि पातळ भरला. संध्याकाळी ती टिकलीला काचेच्या पेटीची गोष्ट सांगायची. तारांची, दिव्याची, आत ऊब कशी फिरते त्याची.

एक चूक मात्र तिच्याकडून झाली. ती बॅग माझ्यावरून उतरवेना.

"खाली ठेव की ती," बाबा म्हणाले. "येता-जाता माझं डोकं आपटतं."

"उतरवली की उघडावी लागेल," आई म्हणाली. "उघडली की कपडे कपाटात जातील. मग काही मी जात नाही."

बाबा वाकून जायला शिकले.

मित्रांनो, मी कुरकुर केली नाही. पण स्प्रिंगचंही एक मन असतं. ओझं आलं आणि गेलं, तर ती तशीच राहते. ओझं लटकतच राहिलं, तर हळूहळू तिला तीच सवय लागते. आईचा जीव टांगणीला लागला होता आणि माझाही. फरक एवढाच, की तिला दर गुरुवारी कुणीतरी चहा करून देत होतं.

सातव्या आठवड्यात, म्हणजे आज, आजींना झाडायचं होतं. आई कामावर होती. त्यांनी बॅग उतरवली, तोच तो 'कुर्र'. टिकली धावत आली. "आता माझं वजन." झोळी पुन्हा लागली.

साडेपंधरा.

"अर्धा किलो," टिकली म्हणाली. तिने रेघा दोनदा मोजल्या. "आजी, दोन रेघा झाल्या. म्हणजे आई जाऊन आली. आता तिला जायला नको."

आजी "अगं" म्हणेपर्यंत टिकली झोळीतून उतरली, बॅगेची चेन उघडली आणि आईचे कपडे एकेक करून कपाटात नेऊन ठेवायला लागली. आपला मोजा तिने पायात घातला.

आई घरी आली ती हातात पाकीट घेऊन. व्हिसा झाला होता. मुदत संपायला चार दिवस होते, परवा निघायला हवं होतं. दारातच तिने ते बाबांना सांगितलं, आणि मग रिकामी बॅग पाहिली.

"हे कुणी केलं?"

"मी," टिकली म्हणाली. "तू आलीस ना, म्हणून."

आजींनी सगळं सांगितलं. आई माझ्यापाशी आली. माझा आकडा मोकळा होता, तरी माझा काटा शून्यावर नव्हता. जवळजवळ दोन बारीक रेघा पुढे होता. लाजेने मेलो, मित्रांनो. एवढ्या बाळांच्या आयांनी माझ्यावर विश्वास टाकला, आणि घरच्याच लेकराशी मी खोटं बोललो.

"हा बिघडला," बाबा हळूच म्हणाले.

"बिघडला नाही," आई म्हणाली. "मीच याला लटकवून ठेवलं." तिने माझ्या तबकडीवरून हात फिरवला. कारखाना सोडल्यापासून मला असं कुणी हाताळलं नव्हतं. माझ्या पाठीला एक छोटा स्क्रू आहे. यंत्रं दुरुस्त करणाऱ्या बाईला तो शोधायला कितीसा वेळ लागणार? तिने तो हलकेच फिरवला आणि माझा काटा मागे सरकत शून्यावर आला.

मित्रांनो, मी फार काही मागणार नाही. जुन्या वस्तूला कधीतरी पुसा, वापरण्याआधी ती शून्यावर आहे का ते बघा, आणि काम झालं की तिच्यावरचं ओझं उतरवा. घरात कुणी वाट बघत असेल, तर त्याचंही. तुम्ही मोठे होऊन एखाद्या कचेरीत टेबलापाशी बसाल, तेव्हा समोरच्या कागदाला कुणाची तरी भरलेली बॅग लटकलेली असते, एवढं ध्यानात ठेवा.

मग आईने टिकलीला उचललं, झोळीत बसवलं आणि स्वतः खाली गुडघ्यांवर बसली. मी श्वास रोखून धरला. या वेळी चुकायचं नव्हतं.

माझा काटा पंधरावर आला आणि थांबला नाही. पंधराच्या पुढे केसभर सरकला, पाव किलोच्या रेघेपर्यंत मात्र पोचला नाही.

"हे बघ," आई म्हणाली. "काटा चुकला होता, पण अगदीच नाही. या सात आठवड्यांत तू एवढी वाढलीस. खरी खरी."

टिकलीने मान पुढे काढून त्या केसभर जागेकडे बराच वेळ पाहिलं.

"हे तू घरी असताना झालं," ती म्हणाली.

"हो."

झोळी हळूहळू फिरत होती. टिकलीने पायातला मोजा काढला, आईच्या हातात ठेवला आणि विचारलं,

"आई, तू घरी नसलीस तरी मी वाढेन?"