उकळलेली पावडर

तिसऱ्या खणातली डुकराची नऊ पिल्लं तीन दिवस पिवळं पाणी हगत होती आणि मामा हातोडा घेऊन आला होता. पुढच्या खणात हगवण जायच्या आत हा खण रिकामा करायचा, एवढंच त्याचं म्हणणं. मामा तसा हळवा. हातोड्याला फडकं गुंडाळून आला होता.

ताईनं दारात फावडं आडवं धरलं. "मामा, ही पिल्लं जन्मताना मी हातानं ओढून काढलीत. डुकरिणीनं मनगट फोडलं, तरी सोडली नाहीत."

"आणि तुझी ती पोटाची पावडर? तीन दिवस पाजतेयस, त्याचं काय झालं?"

पावडरीत चांगले जंतू असतात, जिवंत. ते पोटात उतरून वाईट जंतूंना बुकलून हाकलतात, असं पाकिटावर लिहिलं होतं. इथं मार फक्त पिल्लांना बसत होता.

"कालवतं कोण ती?" मामानं विचारलं.

"मी," ताईचा धाकटा भाऊ म्हणाला. जनावरांच्या दवाखान्यात सहा महिने झाडू मारल्यापासून सगळे त्याला प्रोफेसर म्हणत. "आधी दहा मिनिटं रटरट शिजवतो. एक जंतू जिवंत राहील तर शपथ!"

ताईनं फावडं फिरवलं. नेम चांगला होता.

"मेल्या! तीन दिवस मढ्यांचं पाणी पाजलंस त्यांना!"

"स्वच्छ पाणी!" प्रोफेसर जमिनीवरून म्हणाला आणि एक दात थुंकला.

तेवढ्यात मामा आत घुसला. पहिलं पिल्लू मागच्या पायाला धरून उचललं, एकच घाव. दुसऱ्याला एकच. तिसरं मात्र घावाआधीच किंचाळलं. फळीपलीकडं त्यांची आई होती, दोन क्विंटलची. पिल्लांचं दूध तोडून आठवडा झाला होता, आणि या सगळ्यात तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती फळीसकट आत आली. मामाचा पाय वाळक्या काटकीसारखा वाजला. मग तिनं प्रोफेसरच्या कुल्ल्याचा लचका तोडला. तो नुसताच पडलेला होता, पण अशा वेळी कोण चौकशी करत बसतंय? मामा ओरडत होता, पिल्लू ओरडत होतं आणि प्रोफेसर दोघांच्या वरच्या पट्टीत. ताईनं फावड्यानं डुकरिणीच्या नाकाडावर सात-आठ सणसणीत घाव घातले, तेव्हा कुठं ती मागं सरली.

मामाच्या पायाला प्लास्टर लागलं. हातोडा उचलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे ताईला थोडे दिवस मिळाले. पाकीट एकच उरलं होतं. तिनं पाणी कोमट केलं, मनगटावर थेंब टाकून बघितलं, साखर-मीठ घातलं, पावडर कालवली आणि सातही जबडे एकेक करून उघडले. दोन पिल्लांनी तिची बोटं फोडली. तिला बरं वाटलं. चावायची ताकद तरी होती.

एकाला नव्हती. दुसऱ्या दिवशी ते डोळे फिरवून पाय झाडत राहिलं. ताईनं तासभर वाट बघितली. मग हातोडा घेतला, फडकं सोडलं आणि स्वतःच संपवलं.

चौथ्या सकाळी ती फावड्यावर काहीतरी घेऊन थेट मामाच्या खाटेपाशी आली.

"हे काय?" मामा उशीत मागं सरकला.

"बघा. घट्ट आहे. सहाही जणांची अशीच."

मामानं नाक दाबून बराच वेळ पाहिलं.

"ती उरलेली सहा…" तो म्हणाला, "त्यांची पावडर कोण कालवणार?"

"मीच."

"मग ठीक आहे," मामा म्हणाला. "आता हे बाहेर ने."