काचेच्या अकरा पट्ट्या

"काच अखंड आहे," अभियंता म्हणाला आणि पेनच्या टोपणाने त्याने पट्टीवर दोनदा टकटक केली. "म्हणजे भिंत स्थिर आहे, आजोबा."

मी त्याला सांगितले, की ही पट्टी परवा सोमवारी बसवलेली आहे. आधीची तडकली म्हणून काढली. तिच्या आधीचीही तडकली होती.

"मग ती कुठंय?"

"काढून टाकली."

"का?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ होते, पण ते त्याच्या कागदावर बसणारे नव्हते. चौतीस वर्षे मी लिफ्टची देखभाल केली. निकामी झालेला भाग जागेवर ठेवायचा नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. झिजलेली कप्पी असो, सुटत आलेली तार असो, ती दिसली की काढायची, नवी बसवायची, वहीत तारीख टाकायची आणि खाली सही करायची. पलीकडच्या प्लॉटवर तळघरासाठी खड्डा खणायला लागले आणि आमच्या मागच्या भिंतीला भेग पडली, तेव्हाही मी तेच केले. भेगेवर आडवी काचपट्टी ठेवून तिची दोन्ही टोके सिमेंटने पक्की केली. भिंत केसभर सरकली तरी अशी काच तडकते. पहिली पट्टी वीस दिवसांत तडकली. मी ती काढली, नवी बसवली, वहीत नोंद केली. पाच महिन्यांत असे अकरा वेळा झाले.

"ही वही बघा," मी म्हणालो.

त्याने वही उघडली, दोन पाने उलटली. "अक्षर छान आहे तुमचं. पण हे तुम्हीच लिहिलंय ना? मला जे दिसतं तेच मी भरू शकतो."

मग त्याने वर पाहिले. छताच्या तुळईला मधोमध बाक आला होता, म्हणून मी तिच्याखाली माझा जुना स्क्रू-जॅक उभा केला होता. तुळई बसत जाई तसा दर सोमवारी सकाळी आठ वाजता मी त्याला पाव फेरा देत असे. त्याहून जास्त दिला तर वरची फरशी फुटेल, कमी दिला तर तुळई आणखी वाकेल. अभियंत्याने जॅकवर हात ठेवला, हलवून पाहिला. तो हलला नाही, हलणारही नव्हता.

"मजबूत बसवलाय," तो कौतुकाने म्हणाला आणि त्याने अर्जावर दोन खुणा केल्या. 'भेग थांबलेली.' 'छतास जॅकचा आधार आहे.' तिसऱ्या ओळीत लिहिले, 'राहण्यास योग्य.'

माझ्याच दोन हातांनी माझ्याविरुद्ध साक्ष दिली होती. मागच्या आठवड्यात गिलाव्याचा परातीएवढा तुकडा पत्नीच्या उशीवर पडला. ती तेव्हा चुलीपाशी होती म्हणून वाचली. तिचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. पळायची वेळ आली तर ती पळू शकणार नाही, आणि पळून जायचे कुठे, हा प्रश्न राहतोच. आम्हाला परवडेल अशी खोली या शहरात मी तीन महिने शोधली. उरली होती ती पालिकेची तात्पुरत्या निवाऱ्याची खोली. ती सहा महिन्यांसाठी मिळते, पण पालिकेच्या अभियंत्याने घर राहण्यास अयोग्य ठरवले तरच. यादी शुक्रवारी पाच वाजता बंद होणार होती. त्यानंतरची यादी पुढल्या वर्षी.

गुरुवारी मी पालिकेच्या त्या कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी फाइल उघडली, शेरा वाचला आणि चश्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"काका, एक सांगू? मी सांगितलं असं मात्र म्हणू नका. तो जॅक काढा, छताचा फोटो घ्या, परत लावा. पाच मिनिटांचं काम. सगळे करतात."

"सगळ्यांकडे जॅक आहे?"

"जॅक नसतो हो. कुणी फरशी उखडतं, कुणी दाराची चौकट खिळखिळी करतं. इतकं नीट ठेवलेलं घर घेऊन इथं येऊच नये माणसानं."

त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला मदतच केली, आणि संताप येतो तो याचाच. माझे घर वाचवण्यासाठी मी जे जे केले ते ते मोडून दाखव, म्हणजे आम्ही तुला घर देऊ, असे एक अख्खे कार्यालय मला सांगत होते, तेही आवाज खाली आणून, आपुलकीने.

संध्याकाळी सहाला मी जॅकचा दांडा हातात घेतला. पत्नी भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"काढताय?"

"पाच मिनिटं फक्त."

"वर ती आहे."

वर शिवणकाम करणारी एक बाई राहते, तिच्या दोन मुलींसह. दिवसभर तिचे मशीन चालू असते. त्या आवाजावरून आम्हाला तिचे दिवस कळतात. सरळ शिलाई असली की आवाज एकसारखा येतो, काजे असली की थांबत थांबत.

"त्या तिघींना खाली बोलवू," मी म्हणालो.

"आणि मशीनला? कपाटाला? त्यांनापण खाली बोलवणार? चहा करू का त्यांच्यासाठी?"

मी दांडा खाचेत घातला आणि उलट्या दिशेने पाव फेरा दिला. तुळईतून एक आवाज आला, ओले लाकूड पिळल्यासारखा. माझ्या मनगटावर माती पडली. वरचे मशीन थांबले. जिन्यावर पावले वाजली आणि शिवणवाली दारात आली, गळ्यात टेप, ओठांत टाचणी.

"काका, काय पडलं का? माझी कात्री टेबलावरनं आपोआप घसरली."

मी दांडा पुन्हा सुलट फिरवला, होता तिथे आणला. त्यावर थोडा जास्तच आवळला असेन. पत्नीने माझ्या हातावर हात ठेवला तेव्हा मी थांबलो.

"काही नाही, पोरी. तू शिव."

ती गेली. मशीन सुरू झाले. मी जमिनीवरच बसून राहिलो. एवढा राग मला कामावर असताना एकदाच आला होता. निकामी ब्रेकवर मालकाने लिफ्ट चालवायला सांगितली होती आणि मी चावी खिशात घालून घरी निघून आलो होतो. या वेळी चावी माझ्याकडे नव्हती.

"काचा हव्या होत्या का त्यांना?" पत्नीने विचारले.

"हव्या होत्या. मी टाकल्या."

"तुम्ही दारामागं टाकल्या. पुढं काय झालं त्यांचं ते विचारलंत कधी?" असे म्हणत ती भिंतीला धरून उठली आणि फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून तिने माझ्यापुढे ठेवला. आत वर्तमानपत्राच्या पुड्या होत्या, प्रत्येकीला दोरा बांधलेला. "कचरा उचलणारीचा हात कापेल म्हणून वेगळ्या ठेवल्या. काचवाला आला की देणार होते. विसरले."

"पाच महिने विसरलीस?"

"तुम्ही पाच महिने विचारलं नाहीत."

अकरा पुड्या होत्या. प्रत्येक पट्टी मधून तडकलेली, टोकांना सिमेंट चिकटलेले, आणि कोपऱ्यात माझ्या काचकापीने कोरलेली बसवल्याची तारीख. तारीख कोरायची सवय मी मोडली नव्हती, एवढेच माझे श्रेय. बाकीचे तिचे.

शुक्रवारी सकाळी दहाला मी त्या खिडकीत अकरा पट्ट्या तारखेप्रमाणे मांडल्या.

"काका, काचा फाइलला कशा लावू मी?" बाई म्हणाल्या.

"लावू नका. साहेबांना बोलवा."

"साहेब पाहणीला निघालेत."

"निघालेत म्हणजे अजून गेले नाहीत. बोलवा. मी इथून हलणार नाही, आणि या काचाही हलणार नाहीत." माझा आवाज चढला होता. रांगेत मागून एक जण म्हणाला, "बोलवा हो बाई, आम्हालापण बघू दे."

अभियंता आला. हातात हेल्मेट, चेहऱ्यावर उशीर झाल्याचा त्रास. त्याने एक पट्टी उचलली, तिचे दोन तुकडे जुळवले, बोटाने सिमेंट खरवडून पाहिले.

"तारखा तर तुम्ही कालही कोरू शकता, आजोबा."

"कोरू शकतो. एवढा खोटेपणा करायचा असता तर बुधवारी तुम्ही यायच्या आधी मी जॅक काढला असता. तुम्ही त्याच तुळईखाली उभे राहून वर बघत होतात."

त्याने पट्ट्या ओळीने पाहिल्या, ओठ हलवत दोन तारखांमधले दिवस मोजले. सुरुवातीला वीस, तेवीस, एकवीस. शेवटी सहा, पाच, चार.

"वेग वाढतोय," तो हळू म्हणाला. "हे आम्हाला शिकवलं होतं. कुणी खरंच करतं असं वाटलं नव्हतं." त्याने अर्ज मागवला, 'थांबलेली' खोडून 'चालू' लिहिले, 'योग्य'च्या आधी 'अ' घातला आणि सही केली.

अर्ध्या मिनिटाचे काम होते ते.

"आता वरच्या खोलीचं," मी म्हणालो. "तिचाही अर्ज आहे. तुम्ही फेटाळलात."

त्याने यादी पाहिली. "त्या खोलीत भेग नाही. फरशी समतल आहे."

"तिची जमीन म्हणजे माझंच छत आहे, साहेब. ती समतल आहे कारण मी दर सोमवारी ती समतल करतो."

"मान्य. पण अर्ज खोलीवार असतो. त्या खोलीत मला काही दिसलं नाही."

"मग मला मिळणारी नवी खोली तिला द्या."

"ती तिला जाणार नाही. यादीतल्या पुढच्याला जाईल." हे त्याने माझ्याकडे न बघता सांगितले. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ते पाहून माझा राग कमी झाला नाही. लाल कानांखाली कुणाला झोपता येत नाही.

बाईंनी माझ्यापुढे कागद सरकवला. रविवारी संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायची, कुलूप लावायचे आणि सर्व किल्ल्या, त्यासाठी रविवारीही उघड्या राहणाऱ्या कार्यालयात जमा करायच्या. त्याशिवाय नव्या खोलीची किल्ली मिळणार नव्हती. रिकाम्या खोलीत नंतर कुणी घुसू नये, म्हणून.

"म्हणजे जॅक आत कुलपात राहणार," मी म्हणालो.

"जॅक तुमचा आहे ना? घेऊन जा की," बाई म्हणाल्या. मग त्यांच्याच लक्षात आले आणि त्या शिक्का शोधू लागल्या.

शनिवारी मी पत्र्याची एक पट्टी शिकंज्यात धरली आणि कानशीने घासून कुलपाची दुसरी किल्ली तयार केली. तीन तास लागले. दुपारी शिवणवालीला खाली बोलावून जॅकपाशी बसवले. स्क्रूवर मी खडूने खूण केली होती.

"सोमवारी आठला. ही खूण इथून इथपर्यंत. पाव फेरा, जास्त नाही. वरून कटकट आवाज आला तर तिथेच थांबायचं."

"मशीनवर दोऱ्याचा ताण बघतो तसंच ना?"

"तसंच."

तिने दोनदा करून दाखवले. तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता. मग मी तिला भेगेवरची पट्टी दाखवली. बाराव्या पट्टीवर मी तारीख कोरली होती.

"ही फुटली की काढायची नाही. तिच्या बाजूला दुसरी लाव. तीही फुटली तर तिसरी. सगळ्या तशाच भिंतीवर राहू देत. पुढच्या वेळी ते येतील तेव्हा त्यांना दिसल्या पाहिजेत. त्यांना कुलूप तूच उघडून दे."

"पण किल्ली कुठनं आणली विचारलं तर?"

"माझं नाव सांग."

ती हसली नाही. किल्ली तिने टेपच्या टोकाला गाठ मारून बांधली.

रविवारी कार्यालयात मी एक किल्ली जमा केली आणि 'माझ्याजवळील सर्व किल्ल्या सुपूर्द केल्या आहेत' या वाक्याखाली सही केली. चौतीस वर्षांत मी हजारो कागदांवर सह्या केल्या. जे पाहिले नाही, केले नाही, त्याखाली एकही नव्हती. ही पहिली.

नवी खोली चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, चांगली आहे, दुसऱ्या मजल्यावर किंचित अडखळते. भिंती नुकत्याच रंगवलेल्या. पहिल्या संध्याकाळी मी चारही भिंतींवरून तळहात फिरवला. कुठेही भेग नव्हती. वर कुणाचा आवाज नव्हता. पत्नी गाढ झोपली, पाच महिन्यांत प्रथमच भिंतीकडे तोंड करून.

सोमवारी सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा मी खुर्चीत बसलो होतो. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजत होते. तिने कप ठेवायला हात पुढे केला आणि तो तसाच धरून ती थांबली. माझी उजवी मूठ मिटलेली होती आणि मनगट अगदी सावकाश उजवीकडे वळत होते.

ते थांबेपर्यंत तिने वाट पाहिली. मग कप खाली ठेवला.