दोनशे चौऱ्याहत्तर म्हणजे कोण?

मित्रांनो, मी एक जुनी पुस्तिका आहे. पण माझ्यात गोष्टी नाहीत, कविता नाहीत आणि चित्रे तर नाहीतच नाहीत. माझ्या एकशे बारा पानांवर नुसते दोन रकाने आहेत. डाव्या रकान्यात क्रमांक आणि उजव्या रकान्यात त्या क्रमांकाचे काम.

फौजेत नाना तऱ्हेची कामे चालतात. कोणी तोफ डागतो, कोणी तारा जोडतो, कोणी जखमा बांधतो, कोणी शेकडो माणसांचा स्वयंपाक रांधतो. माणूस फौज सोडून घरी निघाला की त्याला सेवामुक्तीचा दाखला मिळतो. त्या दाखल्यावर त्याचे काम शब्दांत लिहीत नाहीत, फक्त क्रमांक टाकतात. त्या क्रमांकाचा अर्थ काय, हे मी सांगते. एवढाच माझा जन्माचा उद्योग.

मला छापले तेव्हा छपाईसाठी शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरे, जुळवणारा कारागीर म्हातारा होता. तो माझे प्रत्येक पान तीन वेळा तपासायचा. त्याचा मदतनीस वैतागला, की तो म्हणायचा, "शब्द चुकला तर डोळ्यांना खुपतो रे. आकडा चुकला तर तो साळसूदपणे बसून राहतो. म्हणून आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही."

माझ्या प्रती ठिकठिकाणच्या नोंदणी कार्यालयांत गेल्या. मी ज्या खोलीत आले, तिला दोन उंच खिडक्या होत्या, एक लोखंडी कपाट होते आणि लोकांशी बोलायला जाळीची एक खिडकी होती. तिथल्या टायपिस्ट बाईंना माझी पाने तोंडपाठ होती. तरी प्रत्येक दाखल्याच्या वेळी त्या मला उघडायच्या, ओळीवर पट्टी ठेवायच्या आणि मगच टंकयंत्राच्या कळा दाबायच्या. मला वाटायचे, माझ्यासारखी सुखी मीच. रोज बोटांची ऊब आणि रोज खरे बोलण्याचे काम! माझ्या त्रेचाळिसाव्या पानावर, वरून सहाव्या ओळीत, दोनशे चौऱ्याहत्तर हा क्रमांक होता. त्याच्यासमोर छापले होते, 'सुरुंग शोधणे व निकामी करणे'.

मग दिवस पालटले. फौजेत नवी यंत्रे आली, नवी कामे आली, आणि माझ्यात जागा पुरेना. नवी पुस्तिका छापली गेली. तिच्यात क्रमांक तेच राहिले, पण भाडेकरू बदलावेत तशी आतली कामे बदलली. सुरुंगवाल्यांना पाचशे अठरा हा नवा क्रमांक मिळाला. दोनशे चौऱ्याहत्तरमध्ये 'कपडे धुणे व इस्त्री' हे काम राहायला आले. त्यात गैर काहीच नव्हते. फौजेत असलेल्यांचे क्रमांक लगेच बदलले. जे आधीच घरी गेले होते, त्यांचे दाखले मात्र त्यांच्या घरी, ट्रंकेत, जसेच्या तसे राहिले.

वरून हुकूम आला. घोटाळा होऊ नये म्हणून जुन्या पुस्तिकेच्या सर्व प्रती फाडून टाकाव्यात.

टायपिस्ट बाई म्हणाल्या, "फाडा, पण एक तरी ठेवा. जुना दाखला घेऊन कोणी आलं तर वाचणार कसा?"

"घरी गेलेला माणूस इथं परत कशाला येईल?" मोठे साहेब म्हणाले, आणि विषय मिटला.

सगळ्या प्रती फाडल्या गेल्या. मी वाचले, पण कोणाला माझी कदर होती म्हणून नव्हे. लोखंडी कपाटाचा एक पाय आखूड होता. शिपायाने मला उचलले, जाडी अंदाजली आणि त्या पायाखाली सरकवले. कपाट डगमगायचे थांबले. टायपिस्ट बाईही पुढे निवृत्त होऊन गेल्या.

मित्रांनो, कपाटाखालून माणसांचे चेहरे दिसत नाहीत, पावले दिसतात. फरशी पुसली की पाणी माझ्या कडेने आत शिरायचे. माझी पहिली सोळा पाने फुगली आणि एकमेकांना चिकटली. पाठीवर फायलींचे ओझे होते. पण ऐकू सगळे यायचे, आणि जे दिसले नाही ते पुढे शिपायाच्या तोंडून कळले.

बऱ्याच वर्षांनी एके दिवशी जाळीच्या खिडकीपुढे दोन जोडे येऊन थांबले. एक पुरुषाचा, नीट पॉलिश केलेला. दुसरा बाईचा, साध्या चपलांचा. फौजीकाका आणि काकू, असेच पुढे सगळे त्यांना म्हणू लागले. काका शिलाई मशीन दुरुस्त करायचे. मशीन चालवून नुसते ऐकायचे आणि कुठे घासते ते सांगायचे. आता त्यांचे कान जात चालले होते. फौजी दवाखान्यात कानांचे यंत्र मिळत असे, पण फौजेतल्या कामामुळेच कान बिघडले, असे कागदावरून सिद्ध झाले तरच. बाहेरून यंत्र घेणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते.

कारकुनाने दाखला पाहिला आणि नवी पुस्तिका उघडली. "दोनशे चौऱ्याहत्तर. कपडे धुणे व इस्त्री. काका, साबणाच्या फेसानं कोणाचे कान जात नाहीत."

"काय म्हणताहेत?" काकांनी विचारले.

"तुम्ही फौजेत धुणं धुवायचात, म्हणताहेत," काकूंनी त्यांच्या कानाशी मोठ्याने सांगितले.

"मी?"

"तेच म्हटलं. घरी कधी स्वतःचा रुमाल पिळला नाही."

कारकून हसला. काकाही हसले. मग ते म्हणाले, "धुणं हलकं काम नाही, साहेब. ज्यांनी ते केलं त्यांच्यामुळं आम्ही कोरडे कपडे घातले. पण मी नाही केलं ते. मी सुरुंग काढायचो. कानाला यंत्र लावून जमीन ऐकत ऐकत पुढं जायचं. माझ्या शेजारी होता, तो एका सकाळी जागच्या जागी गेला. त्याच्याही नावापुढं हाच आकडा असेल. तो काय साबणानं गेला?"

कारकून खाली बघत म्हणाला, "मी खोटं म्हणत नाही तुम्हाला. पण छापलेलं आहे ते असं आहे. पुरावा आणा."

मित्रांनो, पुरावा त्यांच्यापासून बारा पावलांवर होता. पान त्रेचाळीस, ओळ सहावी. मी मनात ओरडत होते. पण पुस्तकाला वाचा नसते, त्याला वाचणारा लागतो.

ते दोघे सहा वर्षांत सात वेळा आले. एकदा जुन्या सोबत्याचे पत्र घेऊन आले. त्या पत्रावर 'क्रमांकाशी जुळत नाही' असा शेरा पडला आणि ते परत मिळाले. एकदा पलटणीचा फोटो आणला. फोटोत सगळे ओळीने उभे होते. उभ्या माणसाकडे पाहून त्याचे काम कसे कळणार?

शिपाई त्यांना स्टूल आणून द्यायचा. "बसा काका," तो म्हणायचा. "मीही शिपाई, तुम्हीही शिपाई. फरक एवढाच, की मी घंटी वाजली की उठतो." सुरुवातीला काका यावर हसायचे. पाचव्या खेपेला त्यांनी नुसते त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि काकूंकडे वळून विचारले, "काय म्हणतो?"

मी एक गोष्ट टिपून ठेवली होती. दर खेपेला काकांचा आवाज वाढत होता आणि काकूंची वाक्ये आखूड होत होती. ओरडून सांगायचे म्हटले की माणूस गरजेपुरतेच सांगतो. त्यातला विनोद आधी गळतो, मग लटका राग, मग रोजच्या बारीकसारीक बातम्या. सातव्या खेपेला काकूंच्या पिशवीत पाटी होती. काकू आता तिच्यावर लिहून दाखवायच्या.

त्याच सुमाराला खिडकीवर नव्या बाई आल्या. त्या पूर्वी वजने-मापे तपासण्याच्या प्रयोगशाळेत होत्या. कमी बोलायच्या. त्यांनी काकांचा दाखला दोन्ही बाजूंनी वाचला. मग नवी पुस्तिका घेतली, पण आतले पान उघडले नाही. मुखपृष्ठच वाचत राहिल्या.

"हिच्यावर 'आवृत्ती दुसरी' असं छापलंय," त्या म्हणाल्या.

"ते तर रोजच दिसतं," कारकून म्हणाला.

"हो. पण दुसरी आहे, म्हणजे पहिली असणार. आणि दाखल्याची तारीख हिच्या चार वर्षं आधीची आहे. माप खोटं आहे म्हणण्याआधी ते कुठल्या पट्टीनं घेतलं, ते बघायला नको का?"

किती साधा प्रश्न! रोज हाताळलेल्या पुस्तकावरचा एक शब्द इतक्या वर्षांत कोणी वाचलाच नव्हता.

बाईंनी सगळ्या कार्यालयांना पत्रे धाडली. सगळीकडून एकच उत्तर आले, प्रती नष्ट केल्या आहेत. शेवटी त्यांनी शिपायाला विचारले, "तुम्ही इथले सगळ्यांत जुने. पहिली पुस्तिका कशी होती, आठवतं?"

"हिरव्या पुठ्ठ्याची होती की," तो म्हणाला आणि थांबला. त्याने कपाटाकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, "बाई, मीच ठेवलीय ती. कपाट हलत होतं."

दोघांनी कपाट उचलले. मी बाहेर आले. माझ्या पाठीवर लोखंडी पायाचा चौकोनी वण होता, तो अजून आहे. बाईंनी मला झटकले नाही. चिकटलेली पाने चाकूच्या बोथट कडेने एकेक करून सोडवली. त्रेचाळिसावे पान कोरडे होते.

दुरुस्ती एका दुपारीत झाली. दाखल्यावरचा जुना क्रमांक तांबड्या शाईने छेदला, शेजारी पाचशे अठरा लिहिले, त्याखाली कामाचे शब्द लिहिले, तारीख घातली, सही केली. सहा वर्षे हेलपाटे आणि एक दुपार काम. मग बाईंनी जुनी नोंदवही काढली. माझ्या काळातले दोनशे चौऱ्याहत्तर क्रमांकाचे एकसष्ट जण निघाले. त्यांनी साऱ्यांच्या घरी पत्रे पाठवली. एकोणीस पत्रे 'पत्त्यावर कोणी नाही' म्हणून परत आली.

महिन्याभराने काका-काकू आले. बाईंनी विचारले, "दवाखान्यात जाऊन आलात?"

"आलो," काकू म्हणाल्या. "या कागदानं लगेच आत घेतलं. डॉक्टर भले होते. म्हणाले, कानाच्या आत केसांसारखं बारीक काही असतं, ते एकदा झडलं की पुन्हा येत नाही. यंत्र आवाज मोठा करतं, पण ऐकायची शक्ती थोडी तरी शिल्लक लागते. यांची आता नाही. चार-पाच वर्षांपूर्वी चाललं असतं, म्हणाले."

"म्हणजे तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा?"

"तेव्हा होती ना. तेव्हा स्वयंपाकघरातून हाक मारली की 'आलो' म्हणायचे."

बाईंनी मान खाली घातली. शिपाई स्टूल घेऊन आला होता, तो स्टूल हातात धरून तसाच उभा राहिला.

काकांना यातले काही ऐकू आले नव्हते. त्यांनी खुणेने मला मागितले. बाईंनी मला उघडून जाळीखालून पुढे सरकवले. काकांनी ओळीखाली बोट ठेवले आणि वाचले, "दोनशे चौऱ्याहत्तर. सुरुंग शोधणे व निकामी करणे." स्वतःचा आवाज त्यांना कळत नव्हता. तो शेजारच्या खोलीपर्यंत गेला. तिथली टंकयंत्रे थांबली. दारातून दोन-तीन जण डोकावले.

काकांनी वर पाहिले. "मोठ्यानं वाचलं का मी?"

काकूंनी मान हलवून होय म्हटले.

"मग ऐकलं असेल सगळ्यांनी," ते म्हणाले, आणि मला मिटून परत दिले.

मित्रांनो, आता मी बाईंच्या टेबलावर असते. माझी काळजी घेतात, पण मला आनंद झाला असे मी म्हणणार नाही. मी खरे बोलले, पण ज्याच्यासाठी बोलायचे, त्याला ते उपयोगी पडेल तेव्हा नाही. तुमच्या घरात, शाळेत, कचेरीत माझ्यासारखी पुस्तके असतील. मळकी, रटाळ, आकड्यांनी भरलेली. त्यांना काचेत ठेवा असे मी म्हणत नाही. फक्त फाडण्यापूर्वी किंवा कशाखाली सरकवण्यापूर्वी एकदा उघडा आणि विचारा, हिच्याशिवाय कोणाचे म्हणणे खोटे ठरेल? आणि समोर कोणी माणूस पुन्हा पुन्हा येऊन एकच गोष्ट सांगत असेल, तर त्याला पुरावा आणायला पाठवण्याआधी आपली स्वतःची खोली एकदा नीट शोधा. तेही लवकर शोधा. कागद वाट पाहू शकतो, मित्रांनो. माणसाचे कान पाहू शकत नाहीत.